वाचकांचे प्रश्न : घोड्याचे पोट आणि पोटातले जिवाणू

घोड्याच्या पचनाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख ‘कोणती पावडर द्यावी’ किंवा ‘कोणते औषध चांगले’ असा आहे. उत्तरे मात्र बहुतांशी वैरणीकडेच वळणार आहेत, याची कल्पना आधीच दिलेली बरी. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन घोडे आहेत. वाळलेल्या गवताचा साठा संपून नवा आला की पहिल्या आठवड्यात दोघांचीही लीद पातळ होते. मागच्या वेळी तर एकाला पोटशूळ उठला. नवे गवत स्वच्छ होते, त्याला बुरशी नव्हती आणि प्रकारही तोच होता. मग असे का व्हावे?

उत्तर : आपल्या वर्णनावरून गवताला दोष देण्याचे कारण दिसत नाही, ते एकाएकी बदलले गेले, एवढे कारण पुरेसे आहे. हे लक्षात येण्यासाठी घोड्याचे अन्न नेमके कुठे पचते ते पाहावे लागेल. गाय, म्हैस, शेळी हे प्राणी चारा आधी कोठीपोटात आंबवतात आणि त्यानंतर तो खऱ्या जठरात व लहान आतड्यात जातो. घोड्यात हा क्रम उलटा आहे. त्याचे जठर देहाच्या मानाने फारच लहान, साधारण ८ ते १५ लिटरांचे असते. तिथून अन्न सुमारे २० मीटर लांबीच्या लहान आतड्यात उतरते आणि काही तासांतच ते ओलांडून अंधांत्रात, म्हणजे लहान व मोठे आतडे जिथे मिळतात तिथल्या, एका टोकाला बंद असलेल्या मोठ्या पिशवीत पोहोचते. प्रौढ घोड्याचे अंधांत्र जवळजवळ एक मीटर लांब असते आणि त्यात ३० लिटरांच्या आसपास ऐवज मावतो. त्यापुढचे मोठे आतडे तर त्याहूनही प्रशस्त असते. खाल्लेल्या चाऱ्याचा बहुतेक मुक्काम या दोन ठिकाणीच, दीड-दोन दिवस, असतो.

गवतातील सेल्युलोज तोडणारे विकर घोड्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते काम अंधांत्रात व मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणू, प्रोटोझोआ आणि ऑक्सिजनविना जगणाऱ्या सूक्ष्म बुरशी करतात. त्यांच्या किण्वनातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले तयार होतात, ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात, आणि मुख्यतः गवतावर राहणाऱ्या घोड्याच्या ऊर्जेचा निम्म्याहून मोठा वाटा त्यांतूनच निघतो. ब गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्वही याच सूक्ष्मजीवांकडून मिळते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. पोटातल्या या वस्तीची रचना रोजच्या चाऱ्याला अनुसरून बसलेली असते. गवताची जात तीच असली तरी कापणी कोवळेपणी झाली की फुलोरा येऊन गेल्यावर, जमीन कशी होती, वाळवताना किती वेळ गेला, यांवर त्यातील साखर, प्रथिने आणि चिवट तंतू यांचे प्रमाण बदलते. आपल्या डोळ्यांना दोन्ही पेंढ्या सारख्याच दिसतात. जिवाणूंच्या दृष्टीने ते वेगळे अन्न असते. काही जातींचे खाद्य तुटते, काहींना अचानक भरपूर मिळते, वायू आणि आम्ल यांचे प्रमाण हलते आणि मोठ्या आतड्याचे पाणी शोषण्याचे काम काही दिवस विस्कळीत होते. पातळ लीद हा त्याचा सौम्य परिणाम. त्यातच मोठे आतडे ओटीपोटाजवळ एकदम वळते आणि त्या वळणावर ते अरुंद होते. चारा तुंबण्याची ही नेहमीची जागा. पोटशूळावरील अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे : त्याआधीच्या साधारण दोन आठवड्यांत आहार बदलला असेल तर धोका वाढतो, आणि यात दाण्याच्या बदलाइतकाच गवताचा बदलही मोजावा लागतो. पुष्कळ मालक चंदी बदलताना जपतात; गवताची नवी गंजी उघडणे हा ‘बदल’ आहे, असे मात्र त्यांच्या मनातही येत नाही.

म्हणून जुना साठा अगदी संपेपर्यंत थांबू नये. दहा-बारा दिवस पुरेल इतके जुने गवत शिल्लक असतानाच नवे आणावे. पहिले तीन-चार दिवस एक भाग नवे व तीन भाग जुने, मग निम्मे-निम्मे, मग तीन भाग नवे, असे करत दोन आठवड्यांत पूर्ण बदल करावा. दोन्ही गवते शेजारी-शेजारी न टाकता हाताने नीट मिसळावीत, कारण घोडा ओठांनी निवडून खाण्यात पटाईत असतो. घोडा दुसऱ्या तबेल्यात हलवायचा असेल तर त्याच्या नेहमीच्या गवताचा काही साठा बरोबर द्यावा. तबेल्यातून हिरव्या कुरणावर सोडतानाही पहिल्या दिवशी तासभर पुरे.

प्रश्न : माझा घोडा सुमारे ५०० किलो वजनाचा असून त्याला रोज कष्टाचे काम आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून ओट आणि भरडलेला मका देतो, गवत मात्र बेताचेच. ताकदीसाठी दाणाच लागतो, असे आमचे जुने मोतद्दार सांगतात. तरीही घोडा चिडका झाला आहे, लाकूड कुरतडतो आणि लिदीला आंबूस वास येतो. चंदी किती असावी?

उत्तर : मोतद्दारांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कष्टाच्या कामाला नुसते गवत पुरत नाही, हे मान्य. पण दाण्यातील स्टार्च पचवण्याची जागा लहान आतडे आहे आणि तिथे स्टार्च पचवणाऱ्या विकराचे प्रमाण घोड्यात कमीच असते. एका वेळी फार दाणा गेला की न पचलेला स्टार्च वाहत अंधांत्रात येतो. तिथे स्ट्रेप्टोकोकस आणि लॅक्टोबॅसिलस गटांतील जिवाणू त्यावर तुटून पडतात, भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. एरवी साडेसहा-सातच्या दरम्यान असणारा तिथला सामू सहाच्या खाली घसरू लागतो. फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस यांसारख्या तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना अशी आम्लता सोसत नाही, आणि ते मरू लागले की गवताचे पचनही मंदावते. म्हणजे ताकदीसाठी वाढवलेल्या दाण्यामुळे गवतातून मिळणारी ताकद कमी होते. लिदीचा आंबूस वास, चिडचिड, लाकूड कुरतडणे ही लक्षणे या अवस्थेशी जुळतात; जठरातील व्रणांतही असेच दिसते, त्यामुळे एकदा पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे.

प्रमाणाचा हिशेब असा. पूर्वी एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे २ ग्रॅम स्टार्च ही कमाल मर्यादा धरली जात असे. आता व्रणांचा विचार करून १ ग्रॅमच्या आसपास राहावे, असा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात. मी याच बाजूचा आहे. आपल्या घोड्यासाठी हे एका वेळी ५०० ग्रॅम स्टार्च होते. ओटमध्ये साधारण ४० टक्के स्टार्च असतो, म्हणजे सव्वा किलो ओट. मक्यात ६५ ते ७० टक्के, म्हणजे पाऊण किलोतच मर्यादा गाठली जाते. शिवाय न शिजवलेल्या मक्याचा स्टार्च लहान आतड्यात ओटच्या मानाने बराच कमी पचतो. आपल्याकडचा मका केवळ भरडलेला आहे, शिजवलेला नाही. तो हळूहळू बंदच करावा. आणखी ऊर्जा हवी असल्यास दिवसाची चंदी तीन-चार वेळांत विभागावी, किंवा तिचा काही भाग काढून त्याजागी वनस्पती तेल अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत न्यावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा गवताचा. कोरड्या अंशाच्या हिशेबाने रोज शरीराच्या वजनाच्या निदान दीड टक्का चारा पोटात गेलाच पाहिजे. दोन टक्के गेल्यास उत्तम. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतोच, म्हणून आपल्या घोड्याला प्रत्यक्षात किमान साडेआठ किलो गवत लागेल. घोड्याची लाळ केवळ चावतानाच स्रवते. जठरातील आम्ल मात्र अखंड झिरपत असते. एक किलो गवत चावून खायला घोडा सुमारे ४० मिनिटे घेतो, तेवढेच ओट तो दहा मिनिटांत फस्त करतो. तोबरा पटकन रिकामा होऊन पुढचे कित्येक तास तोंड बंद राहिले की त्या आम्लावर उतारा उरत नाही. कुरणातला घोडा दिवसाचे १६ तासांच्या आसपास चरत असतो, ते काही हावरटपणाने नव्हे. आधी गवत आणि मग चंदी, असा क्रम ठेवावा. गवत बारीक छिद्रांच्या जाळीत बांधल्यास तेवढेच गवत अधिक वेळ पुरते.

एक इशारा इथेच देतो. घोड्याने दोर सोडवून दाण्याच्या कोठीवर ताव मारला असेल, तर तो ठणठणीत दिसत असला तरी त्याच क्षणी पशुवैद्यकांना बोलवावे. अंधांत्रातील आम्लाने मेलेल्या जिवाणूंची विषारी द्रव्ये आणि खुराच्या आतील पडद्यांना इजा करणारे इतर घटक रक्तात उतरायला वेळ लागतो. लॅमिनायटिस, म्हणजे खुराचा तो वेदनादायक दाह, दिसून येतो तो एक-दोन दिवसांनी, आणि तोवर उपचाराची उत्तम वेळ टळून गेलेली असते. लॅमिनायटिसच्या एकूण प्रकरणांत आज संप्रेरकांच्या बिघाडामुळे, विशेषतः रक्तातील वाढलेल्या इन्शुलिनमुळे होणारी प्रकरणे अधिक आढळतात, हे खरे. पण म्हणून कोठीचे दार उघडे ठेवता येत नाही.

प्रश्न : आठवड्यातून एकदा गव्हाच्या कोंड्याचा गरम, ओला खुराक दिल्याने पोट साफ होते का?

उत्तर : होत नाही. दुसऱ्या दिवशी लीद सैल दिसते ती जिवाणूंना अचानक वेगळे अन्न मिळाल्यामुळे. म्हणजे पहिल्या प्रश्नात आलेला प्रकार आपण दर आठवड्याला स्वतःहून घडवून आणतो. शिवाय कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फार कमी असते. पोटात पाणी जावे हा हेतू असेल, तर नेहमीचाच चारा भिजवून द्यावा आणि थंडीत पिण्याचे पाणी कोमट करावे. फार गार पाणी घोडे कमी पितात आणि मग चारा तुंबतो.

प्रश्न : घोड्यांसाठीच्या प्रोबायोटिक पावडरींच्या डब्यांवर ‘कोट्यवधी मित्र जिवाणू’ असे लिहिलेले असते. त्या नियमित द्याव्यात का? लिदीतील जिवाणूंची तपासणी करून घेण्याचा उपयोग होतो का?

उत्तर : निरोगी घोड्याला नियमितपणे द्यावी अशी शिफारस मी करत नाही. कोट्यवधी हा आकडा डब्यावर भारदस्त वाटतो. पण मोठ्या आतड्यातील ऐवजाच्या एकेका ग्रॅममध्येच अब्जावधी जिवाणू असतात. त्या गर्दीत बाहेरून आलेल्या दोन-चार जातींना, त्याही बहुधा घोड्याच्या आतड्यात मुळात न राहणाऱ्या, कायमची जागा मिळणे अवघड असते. त्यांना आधी जठरातील आम्ल आणि लहान आतडे पार करून जिवंत पोहोचावे लागते. त्यातच अशा उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा लेबलवर लिहिलेल्या जाती किंवा त्यांची संख्या प्रत्यक्षात न सापडल्याची उदाहरणे आहेत.

‘फायदा नसला तरी तोटा तर नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला पुरेसा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नवजात शिंगरांना हगवण होऊ नये म्हणून घोड्याच्याच आतड्यातून मिळवलेला लॅक्टोबॅसिलस दिला गेला, आणि ज्यांना तो दिला त्यांच्यातच हगवणीचे प्रमाण अधिक निघाले. शिंगरांना स्वतःच्या मनाने अशी उत्पादने देऊ नयेत.

याला थोडासा अपवाद आहे तो सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या जिवंत यीस्टचा. ते आतड्यात वस्ती करत नाही, त्यामुळे रोज द्यावे लागते; पण दाणा जास्त असलेल्या आहारात त्याने तंतूंचे पचन काहीसे सुधारते आणि आम्लतेवर थोडा लगाम बसतो, असे काही प्रयोगांत दिसले आहे. शर्यतीच्या किंवा जड कामाच्या घोड्याचा दाणा कमी करणे शक्यच नसेल तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वापरून पाहण्यास हरकत नाही. आपण मात्र आधी गवत वजनकाट्यावर तोलून पाहावे. अंदाजाने टाकलेल्या ‘भरपूर’ गवताचे वजन पुष्कळदा निघते पाच-सहा किलो, आणि त्या घोड्याला पावडरीची नव्हे, आणखी तीन किलो गवताची गरज असते.

लिदीतील जिवाणूंच्या यादीचा रोजच्या व्यवहारात फारसा उपयोग नाही. लिदीवरून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची कल्पना येते, अंधांत्राची तितकी नाही. शिवाय दोन निरोगी घोड्यांच्या, इतकेच काय पण एकाच घोड्याच्या वेगवेगळ्या ऋतूंतल्या, वस्तीतही बराच फरक असतो, त्यामुळे ‘सामान्य’ आकडा ठरलेला नाही. त्या पैशात जंतांच्या अंड्यांची मोजणी करून घ्यावी. ती खरोखर उपयोगी पडते, कारण सरसकट जंतनाशके दिल्याने लहान स्ट्राँगाइल जंतांमध्ये औषधाला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वत्र वाढली आहे.

प्रश्न : आमचे शिंगरू दहा दिवसांचे आहे. ते आईची ताजी लीद खाते आणि दोन दिवसांपासून त्याला पातळ होते आहे. लीद खाण्यापासून त्याला रोखावे का?

उत्तर : रोखू नये. जन्मतः शिंगराच्या आतड्यात चारा पचवणारी वस्ती जवळजवळ नसतेच; आईची कातडी, तिचे दूध, भोवतालची जमीन आणि तिची लीद यांतून ती येते. पहिल्या काही आठवड्यांतले लीद खाणे हे निसर्गाला धरूनच आहे. म्हणून आईच्या जंतांची तपासणी मात्र व्याण्याआधीच झालेली असावी.

पाच ते पंधरा दिवसांच्या वयात येणारी सौम्य हगवणही बहुतेक शिंगरांत दिसते. घोडी याच सुमारास पुन्हा माजावर येते, म्हणून तिच्या दुधाला दोष देण्याची रीत होती. पण आईवेगळ्या वाढवलेल्या शिंगरांनाही ती होते, त्यामुळे आतड्यातील वस्ती पालटत असल्याचा हा परिणाम मानला जातो. शिंगरू उड्या मारत असेल आणि दूध नीट पीत असेल तर शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने धुऊन तेथे मलम लावावे, एवढे पुरे. आईच्या आचळांत दूध साचून ती ताठरलेली दिसली, म्हणजे शिंगराने पिणे सोडले, असे समजावे; अशा वेळी, किंवा ताप आल्यास, त्याच तासात पशुवैद्यकांना बोलवावे, कारण एवढ्याशा जीवाला निर्जलीकरण सोसत नाही.

प्रश्न : घोडीच्या पायाच्या जखमेसाठी प्रतिजैविके सुरू आहेत. तिसऱ्या दिवशी तिने खाणे कमी केले आणि लीद शेणासारखी झाली. औषध आपणच बंद करावे का?

उत्तर : पुढची मात्रा देण्यापूर्वी औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्यकांशी बोलावे, ते थांबवायचे, बदलायचे की चालू ठेवायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. मात्र त्यासाठी उद्याची वाट पाहू नये. प्रतिजैविके जखमेतले जंतू मारताना आतड्यातल्या वस्तीचाही बराच भाग उद्ध्वस्त करतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल किंवा साल्मोनेला फोफावू शकतात. मोठ्या आतड्याचा असा दाह झाला की घोडा एका दिवसात कित्येक लिटर पाणी आणि क्षार गमावतो. साल्मोनेला माणसालाही होतो. तोपर्यंत घोडीला इतर घोड्यांपासून वेगळे ठेवावे, तिची बादली व फावडे वेगळे असावे आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत.

घोड्याचे पोट या बाबतीत किती हळवे असते याचे एक उदाहरण पाहा : फुप्फुसांच्या आजारासाठी शिंगराला एरिथ्रोमायसिन दिले जाते, शिंगरू बरे होते, आणि त्या औषधाचा अंश चाटण्यातून किंवा लिदीवाटे पोटात गेलेल्या आईला मात्र जीवघेणा दाह झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन तर घोड्याला देऊच नयेत. गुरांचे उरलेले औषध किंवा गुरा-कोंबड्यांचे तयार खाद्यही घोड्यापुढे ठेवू नये. त्यातले मोनेन्सिन गुरांच्या पोटातील जिवाणूंवर इष्ट परिणाम करते, घोड्याच्या मात्र हृदयाचे स्नायू निकामी करते.

दीर्घकाळ न थांबणाऱ्या हगवणीत निरोगी घोड्याच्या ताज्या लिदीचा गाळलेला द्रव, नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे देण्याची पद्धत आहे. त्याने काही घोड्यांना गुण येतो. दाता घोडा जंत आणि साल्मोनेला यांपासून मुक्त असल्याची तपासणी आधी करावी लागते, त्यामुळे हा घरी करण्याचा उद्योग नव्हे.

प्रश्न : पोट बिघडत चालले आहे हे वेळीच कसे ओळखावे, आणि पशुवैद्यक येईपर्यंत काय करावे?

उत्तर : रोज लीद उचलतानाच पाहण्याची सवय लावावी. निरोगी प्रौढ घोडा दिवसातून आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर असतात आणि जमिनीवर पडताच फुटतात. गोळे लहान, कडक आणि चकचकीत बुळबुळीत थराने झाकलेले असतील तर ऐवज आत रेंगाळतो आहे. लिदीत गवताच्या लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसले तर आधी दात तपासावेत, कारण नीट न चावलेला चारा जिवाणूंनाही धड पचवता येत नाही. घोडा वाळूवर चरत असेल तर मूठभर लीद पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून पिशवी टांगून ठेवावी. तळाशी वाळू साचते की काय ते अर्ध्या तासात दिसेल.

तबेल्यातले सगळे शांत असताना घोड्याच्या कुशीला, बरगड्यांच्या मागे, कान लावावा. आतून गुरगुर आणि गडगड ऐकू यायला हवी. मिनिट-दोन मिनिटे पूर्ण शांतता असेल तर ती चांगली खूण नाही. जबड्याच्या आतल्या कडेवरून जाणारी धमनी बोटांनी दाबून नाडी मोजावी. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहत असेल, पाय आपटत असेल, वरचा ओठ मुडपत असेल, सारखा आडवा होऊन उठत असेल आणि नाडी ६० च्या वर गेली असेल तर क्षणाचाही विलंब नको.

पशुवैद्यक येईपर्यंत समोरचा चारा व चंदी काढून घ्यावी, पाणी ठेवावे. घोडा स्वस्थ उभा किंवा पडलेला असेल तर त्याला तसेच राहू द्यावे. जोरजोराने लोळत असेल तरच थोडे चालवावे, पण दमेपर्यंत नाही. बाटलीने तोंडात तेल ओतू नये : ते फुप्फुसांत गेल्यास पोटशूळापेक्षा मोठे संकट उभे राहते. घोड्याला ओकारी देऊन पोट हलके करता येत नाही, त्यामुळे जठर फुगले असल्यास नळी घालूनच ते रिकामे करावे लागते. फोनवर नाडी, शेवटची लीद केव्हा टाकली ती वेळ, दिलेली औषधे, आणि गेल्या दोन आठवड्यांत गवत, दाणा किंवा कुरण यांत काय बदलले, एवढे न विसरता सांगावे.